शोभतं, शोभत नाही

मार्च. कॉडचा हंगाम.
लोफोटेनच्या या टोकाला शाळा म्हणजे
एक पिवळं लाकडी घर, चौदा मुलं,
आणि खिडकीबाहेर उंच मांडवांवर
शेपटीला शेपटी बांधून वाळत घातलेले
बिनमुंडीचे मासे.

सुट्टीत बाकीचे बर्फात पळाले.
एइलिफ माझ्यासमोर बसून. वय वर्षं आठ.
मी टेबलावर कार्डं पसरली :
हात वर केलेली मुलगी. खुर्चीवर उभा मुलगा.
वासलेलं तोंड. सरळ रांग.
दुसऱ्याची पेन्सिल ओढणारी बोटं.
"दोन ढीग कर. इकडे वर्गात शोभतं ते.
तिकडे, शोभत नाही ते."

भराभर केले.
धक्क्यावर मासे निवडावेत तसे,
मोठा इकडे, बारका तिकडे,
बघायचीसुद्धा गरज नाही.
एकही चुकलं नाही.

"सगळं येतंय की. मग काल
मातियासच्या अंगावर का ओरडलास?
खुर्ची का ढकललीस?"

गप्प.
मनगटावर एक खवला चिकटलेला, नाण्यासारखा चकाकत.

शाळा सुटली की हा पोरगा घोट्यापर्यंत एप्रन बांधतो,
कॉडचं मुंडकं खिळ्यावर रोवतो,
एक काप,
आणि जीभ बादलीत.
संध्याकाळी दोनशे जिभा. किलोवर पैसे.
सायकल घ्यायचीय.
तिथं ओरडावंच लागतं. क्रेन, वारा, कुरव पक्षी,
हात वर करून पाळीची वाट बघणारा
तिथं बघतच राहील.

सुरी मात्र सोमवारी दप्तरात आली, ती मी काढून घेतली.
"सुरी धक्क्यावर. शाळेत नाही. यात चर्चा नाही."
त्यानं मान हलवली. त्याला ते पटलंही.
हत्यारांचे नियम त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतात.

आज सकाळी मी म्हणाले होते, "एइलिफ, जीभ आवर."
"कुठली?" त्यानं विचारलं, अगदी मनापासून.
वर्ग खदखदला.
मी हसू दाबलं. शिक्षिकेला शोभत नाही, म्हणून.

आता त्यानं गठ्ठ्यातून एक कोरं कार्ड ओढलं.
पेन्सिलीनं एक गोल काढला, त्यात डोळे,
आणि नाकावर दोन बोटं.
"हे कुठं ठेवू?"

पंधरा दिवस झाले असतील.
हा बसला की तेआ खुर्ची सरकवते, हळूच, आवाज न करता.
मातियास नाक धरतो.
कुणी ओरडत नाही. कुणी उभं राहत नाही.
कुणाची पेन्सिल कुणी ओढत नाही.
माझ्या कार्डांप्रमाणे अगदी गुणी वर्ग.

आणि मंगळवारी
"कोंदटलंय जरा" म्हणत
खिडकी मीच उघडली होती.

त्यानं ते कार्ड दोन ढिगांच्या मधे ठेवलं. थांबला.
मी उचलून "शोभत नाही"वर ठेवलं.
मग आणखी एक कोरं घेतलं आणि त्यावर खिडकी काढली.
मला चित्रं येत नाहीत.
तो वाकून बघत राहिला, म्हणाला,
"कडी राहिली,"
आणि कडी काढून दिली.
तेही कार्ड त्याच ढिगावर गेलं.

"तरी ओरडायचं नाही. खुर्ची ढकलायची नाही.
ती कार्डं आहेत तिथंच राहणार."
"मग काय करू?"
"मला येऊन सांग."
"पण सुन्निवा," तो म्हणाला,
"तुझी तर पाठ असते."

घंटा झाली. बुटांचा बर्फ आपटत सगळे आत आले.

तिसऱ्या तासाला मी फळ्यापाशी तिरकी उभी राहिले,
एक डोळा खडूवर, एक बाकांवर.
ओळ उतरत उतरत पार कोपऱ्यात गेली.
तेआनं हात वर केला,
मी हो म्हणेपर्यंत थांबली,
आणि सांगितलं, ओळ वाकडी आलीय.